कर्कटीची दोन रूपे : खानदेशातील वाघ, पटकी आणि त्यांची नावे

योगवासिष्ठाच्या उत्पत्तिप्रकरणात कर्कटी नावाच्या राक्षसीचे आख्यान आहे. हिमालयाच्या उत्तर अंगास राहणारी, काजळाच्या डोंगरासारखी प्रचंड अशी ही राक्षसी. तिची भूक कशानेच शमत नाही. दीर्घ तप करून ती ब्रह्मदेवाला प्रसन्न करून घेते आणि मग वर मागते तो मोठा विलक्षण. अधिक मोठे शरीर, अधिक बळ किंवा अधिक तीक्ष्ण दाढा ती मागत नाही. सुईइतके सूक्ष्म होऊन प्राणिमात्राच्या देहात शिरता यावे, एवढेच तिचे मागणे. ब्रह्मदेव ‘तथास्तु’ म्हणतो आणि ती एकाच वेळी सूचिका व विषूचिका होते. विषूचिका (वैद्यकग्रंथांतील विसूचिका) हे ओकारी-अतिसाराच्या प्राणघातक रोगाचे नाव होय. ज्यांचे अन्न वाईट आणि ज्यांच्या राहण्याची जागा वाईट, अशांना तू मारशील, असेही ब्रह्मदेव तिला सांगतो.

हे आख्यान वेदान्तपर आहे व त्याचे तात्पर्य वेगळे आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक वेगळीच गोष्ट सापडते. उत्तरेकडील बर्फाळ मुलखातील महाकाय भक्षक आणि डोळ्यांना न दिसणारी व्याधी ही दोन भिन्न सत्त्वे नसून एकाच भुकेची दोन रूपे आहेत, अशी कल्पना येथे नि:संदिग्धपणे मांडलेली आहे. आजच्या प्राणिशास्त्रास ही तुलना निरर्थक वाटेल. पटकीचा जंतू मायक्रॉनच्या मापाने मोजावयाचा, तर पूर्ण वाढलेल्या वाघाचे वजन दोनशे किलोग्रॅमच्या आसपास भरते. दोहोंच्या वजनांचे प्रमाण काढू गेल्यास दोनाच्या आकड्यावर सतरा शून्ये चढवावी लागतात. परंतु भाषेने ही दोन टोके शतकानुशतके एकाच मापाने मोजली आणि खानदेशाच्या इतिहासात ती एकाच काळात, एकाच लोकांच्या दारात उभी राहिली. त्या दोहोंच्या नावांवरून व नोंदींवरून काय हाती लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम उत्तरेकडील श्वापदाविषयी. ‘आर्क्टिक’ हा शब्द ग्रीक ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल यावरून आला. हे अस्वल आकाशातील होय. ज्याला आपण सप्तर्षी म्हणतो त्या तारकापुंजाला ग्रीक लोक अस्वल मानीत. त्या प्रदेशात खरोखरीच जगातील सर्वांत मोठे भूचर मांसभक्षक, पांढरे अस्वल राहते, हा योगायोग. फिप्स याने १७७४ साली त्याला ‘समुद्री अस्वल’ या अर्थाचे शास्त्रीय नाव दिले. ग्रीक ‘आर्क्टोस’, लॅटिन ‘उर्सुस’ आणि संस्कृत ‘ऋक्ष’ हे तिन्ही एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. शतपथ ब्राह्मणात तर सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असत असे स्पष्ट सांगितले आहे.

पण ज्या लोकांना अस्वलाचे भय नित्याचे होते, त्यांच्याच भाषांत हा मूळ शब्द टिकला नाही. रशियन व तिच्या भगिनीभाषांत अस्वलाला ‘मेद्व्येद’ या धर्तीची नावे आहेत. त्यांचा अर्थ ‘मध खाणारा’ असून मधु व अद् हे दोन्ही घटक संस्कृत जाणणाऱ्यास लगेच ओळखू येतात. इंग्रजी-जर्मन गटातील नाव ‘तपकिरी’ या अर्थाच्या शब्दापासून निघाले असे बहुतेक मानतात. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९०६ साली याची उपपत्ती मांडली. नाव घेतले की धनी हजर होतो, या भीतीने शिकाऱ्यांनी खरे नाव टाकले आणि आडनावाने निर्वाह केला. दक्षिणेकडे आलेल्यांच्या भाषेत ‘ऋक्ष’ राहिला आणि हिंदीतील ‘रीछ’पर्यंत पोहोचला. ज्याचे भय ओसरले त्याचे नाव शाबूत राहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

खानदेशात हे स्थान वाघाचे. ऋग्वेदात सिंह आहे, ऋक्ष आहे, पण व्याघ्र नाही; तो अथर्ववेदात येतो. मराठीत ‘वाघ’ हा शब्द सरळ ‘व्याघ्रा’पासून उतरला आणि टिकला, हे खरे. मात्र रानात, विशेषत: रात्री, तो उच्चारण्याचे टाळले जाते. ‘वाघोबा’ म्हणून त्याला घरातल्या वडीलधाऱ्याच्या पंक्तीला बसवावयाचे, नाही तर नुसते ‘जनावर’ म्हणावयाचे. सापालाही रात्री ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, ते याच न्यायाने.

या ‘जनावर’ शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. तो फारसीतून आला. ‘जान असलेला’, सजीव, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्याच्या शेजारी संस्कृत ‘जंतु’ ठेवून पाहावा. तो ‘जन्’ धातूपासून झालेला असून ‘जन्मलेला’, म्हणजे पुन्हा सजीवच. उपनिषदांत तर माणसालाही जंतू म्हटले आहे. अर्थदृष्ट्या समान असलेले हे दोन शब्द मराठीत आले आणि त्यांनी दोन विरुद्ध दिशा धरल्या. ‘जनावर’ मोठे होत होत ढोरापर्यंत व वाघापर्यंत गेले. ‘जंतू’ लहान होत होत किड्यात, मग पोटातल्या ‘जंता’त आणि अखेर सूक्ष्मदर्शकाखालील ‘रोगजंतू’त येऊन थांबला. कर्कटीची दोन रूपे मराठीच्या शब्दकोशात अशी वाटून दिलेली आहेत. ‘जीवाणू’ हा अलीकडील पारिभाषिक शब्द शास्त्राच्या दृष्टीने अधिक काटेकोर असला, तरी त्यात हा इतिहास नाही. म्हणून येथे मुद्दाम ‘जंतू’ हाच शब्द ठेवला आहे.

रोगाच्या नावांकडे वळल्यास तीच टाळाटाळ दिसते. गोव्यात १५४३ साली आलेल्या भयंकर साथीचे वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने केले आहे आणि तेथील लोक तिला काय म्हणत तेही नमूद केले आहे. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही तोच शब्द येतो. तो शब्द म्हणजे कोकणी-मराठी ‘मोडशी’. ‘मोडणे’ या क्रियेशी त्याचा संबंध उघड आहे. माणूस मोडून पडतो ती मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशिं’ केले आणि फ्रेंचांनी ते ऐकून ‘मोर द शियँ’ असे रूप दिले, ज्याचा त्यांच्या भाषेत अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होतो. रोगाच्या नावात जनावर शिरले ते असे, केवळ कानाच्या चुकीने! ही लोकव्युत्पत्ती दोन शतके युरोपीय वैद्यकग्रंथांत फिरत होती, आणि कुत्र्याचा या रोगाशी काय संबंध, याची स्पष्टीकरणेही पुढे आली. कल्पित व्युत्पत्तीवर खरे स्पष्टीकरण उभारण्याचा हा प्रकार आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

त्यांच्या स्वत:च्या दारातही अशी एक जागा आहे. लोणखेडे या नावातील ‘खेडे’ हा घटक संस्कृत ‘खेट’ याच्याशी निगडित आहे, याबद्दल फारसा वाद नाही. ‘लोण’ मात्र लोणार, लोणंद, लोणी अशा अनेक ग्रामनामांत येते. लोणारच्या खाऱ्या सरोवराकडे पाहिल्यास तेथे ‘लवण’ मानण्यास आधार आहे. सर्वत्र तसा तो असेलच असे नाही. मराठीत ‘साथीचे लोण’ असाही प्रयोग आहे आणि हुतुतू-आट्यापाट्यांतही लोण आहे. प्रस्तुत विषयाच्या ओघात लोणखेड्याचा संबंध साथीच्या लोणाशी जोडण्याचा मोह कोणासही होईल. तो आवरला पाहिजे.

‘मोडशी’खेरीज पटकी, महामारी, मरी, जरीमरी ही नावे आहेत आणि ती सारी स्त्रीलिंगी आहेत. वाघ पुल्लिंगी, व्याधी स्त्रीलिंगी. एक ‘बाबा’, दुसरी ‘आई’. मरीआई हे नाव तर मृत्यूलाच मातृत्व देणारे. ‘मरी आली’ असेच आपण म्हणतो. येणारी कोणी व्यक्ती असते. ‘कॉलरा’ हा परका शब्द आला तो पुल्लिंगी म्हणून, आणि त्याच्यामागे क्रियापद लागू लागले ते बहुधा ‘होणे’. कॉलरा होतो. ज्याचे देऊळ नाही व ज्याला नैवेद्य नाही असा रोग मराठीत व्याकरणाच्या वाटेने प्रथम आला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता प्रत्यक्ष इतिहास. १८१७ च्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ देऊन असलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या सैन्यात पटकीने हाहाकार केला. १८१८ च्या ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोहोचली होती. मुंबईच्या वैद्यक मंडळाने १८१९ साली या साथीवरील अहवाल छापून प्रसिद्ध केला. याच वर्ष-दीड वर्षात पेशवाई बुडाली. फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठचे थाळनेर पडले, तेथील किल्लेदाराला फाशी दिले गेले आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. राजकीय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, किंबहुना साथीचे प्रकरणच नसते. पण सैन्य, रसद आणि पळापळ करणारी माणसे ज्या रस्त्यांनी गेली, त्याच रस्त्यांनी हा जंतू गेला.

खानदेश तेव्हा उजाड झालेला होता. होळकर-शिंद्यांच्या फौजांची लूट, पेंढारी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे ओसाड पडलेल्या गावांत झाडी माजली आणि झाडीबरोबर वाघ आला. हा वाघ डोंगरातला नव्हे, सपाटीवरचा. पडीक जमिनीचा रहिवासी. १८२५ साली जेम्स औट्रम याच्याकडे भिल्ल पलटण उभारण्याचे काम आले. भिल्लांचा विश्वास संपादन करण्यासाठी त्याने जी साधने योजली, त्यांत शिकारीचे स्थान मोठे होते. त्याच्या सहकाऱ्याने ठेवलेली यादी गोल्डस्मिडने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात उतरली आहे. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रम व त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारले व २२ जखमी केले. शिवाय २५ अस्वले, १२ रानरेडे आणि १६ बिबळे. पैकी १९१ वाघांच्या वधप्रसंगी औट्रम स्वत: हजर होता. बेरीज-वजाबाकी जुळेल इतका हा हिशोब काटेकोर आहे.

त्याच दहा वर्षांत त्याच मुलखात पटकीने किती माणसे नेली? यादी नाही. जन्ममृत्यूची नियमित नोंद तेव्हा सुरूच झाली नव्हती. पुढे शतकाच्या उत्तरार्धात ती सुरू झाली तेव्हाही डोंगरातील वस्त्यांपर्यंत तिची पोच जेमतेम होती. साथीची बातमी चावडीपर्यंत येण्याआधी वस्ती जागा सोडून उठलेली असे. वाघ मेला की त्याचे कातडे हजर करता येते आणि इनाम मिळते. पटकीने मेलेल्या माणसाची अशी कोणतीच निशाणी दफ्तरात जमा होत नाही. परिणामी सातपुड्याच्या पायथ्याच्या या इतिहासात मेलेल्या वाघाची गणती शिरगणतीसारखी आहे आणि मेलेल्या भिल्लाची गणती अंदाजाने करावी लागते. या दफ्तरांवर काम करणाऱ्याने ही विषमता आरंभीच लक्षात घ्यावी. आकडे जेथे दाट आहेत तेथेच घटना दाट होत्या, असा समज करून घेऊ नये.

या अदृश्य भक्षकाचा शोध लागण्यास फार काळ गेला. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली दूषित पाण्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी याने सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू पाहिला आणि त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. हिंदुस्थान सरकारचे आरोग्याधिकारी कनिंगहॅम हे तर १८८० नंतरही पाण्याच्या व संसर्गाच्या उपपत्तीला विरोध करीत होते. फेब्रुवारी १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात हा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवून दिला. तळ्याभोवतीची माणसे त्याच पाण्यात धूत, नाहत आणि तेच पीत. कलकत्त्याचेच शंभुनाथ डे यांनी १९५९ साली असे सिद्ध केले की माणूस मरतो तो जंतूने सोडलेल्या विषाने. हा शोध आपल्याकडे जितका माहीत असावयास हवा तितका नाही.

नंतरच्या संशोधनाने एक अनपेक्षित साम्य पुढे आणले आहे. पटकीचा जंतू हा मुळात पाण्याचा रहिवासी आहे. गोड्या आणि मचूळ पाण्यात तो सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतो, त्यांच्या कवचावर पोसतो आणि प्रतिकूल काळात निपचित पडून राहतो. या जातीचे बहुसंख्य वाण माणसास पटकी करीत नाहीत. ज्यांच्यात विषाचे जनुक आहे तेच करतात, आणि तेही जनुक एका विषाणूने त्यांच्यात आणून सोडलेले आहे, असे १९९६ साली दिसून आले. वाघाचेही तसेच आहे. बहुसंख्य वाघ माणसाच्या वाटेस जात नाहीत. जखम, म्हातारपण किंवा भक्ष्याचा अभाव यांमुळे एखादा नरभक्षक होतो. दोघांच्याही लेखी माणूस हे आडवाटेचे अन्न आहे.

येथून पुढे मात्र साम्य संपते. वाघाला मोठा मुलूख लागतो, त्याची संतती थोडी, आणि तो दिसतो. म्हणून बंदुकीपुढे तो टिकला नाही. झाडी तुटून नांगर फिरला तशी सपाटीवर त्याला जागाच उरली नाही, आणि तो सातपुड्याच्या कडेकपारीकडे हटत गेला. आज लोणखेडे-शहादे परिसरात वाघ राहत नाही. उसात बिबट्या असतो. जंतूला मात्र एक विहीर पुरते. कर्कटीने केलेली निवड व्यवहारदृष्ट्या बिनचूक होती, असे म्हणावे लागते. आख्यानातली कर्कटी मात्र पुढे पस्तावते. सुईला पोट नाही, मग खाऊन उपयोग काय, म्हणून ती पुन्हा तप करते आणि मूळचा देह परत मिळवते. त्यानंतर तिची गाठ किरातांच्या राजाशी पडते व वध्य अपराधी तिला भक्ष्य म्हणून द्यावेत असा तह होतो. दिसणाऱ्या भक्षकाशी तह करता येतो, हे त्या ग्रंथकाराला ठाऊक होते.

असाच तह खानदेशाच्या गावांनी दोघांशीही केलेला दिसतो, आणि त्याची जागा एकच : गावाची शीव. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या समाजांत वाघदेवाची पूजा आहे. लगतच्या डांग भागात लाकडी फळीवर वाघ, सूर्य, चंद्र आणि नाग कोरून उभे केलेले आढळतात. आश्विन वद्य द्वादशी ही अनेक ठिकाणी वाघबारस म्हणून पाळली जाते. मरीआईचेही ठाणे बहुधा शिवेलगत. साथ आली की तिचा गाडा सजवून शिवेपार नेऊन सोडीत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर काढावयाचा. यास अंधश्रद्धा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण रोग रस्त्याने, माणसांबरोबर, गावामागून गाव असा जातो, एवढे ज्ञान त्या गाड्यात होते. सरकारी आरोग्याधिकारी त्याच काळात हवेला आणि जमिनीच्या वाफेला दोष देत होते.

ग्रामनामांत मात्र दोघांची वाटणी सारखी नाही. वाघळी, वाघोदे, वाघाडी अशी गावे खानदेशात आहेत. पटकीवरून पडलेले ग्रामनाम प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. मोठे श्वापद गेले तरी नकाशावर नाव ठेवून जाते. जंतू फार तर एक शेंदूर लावलेला दगड ठेवतो.

पाण्यासंबंधी एक गोष्ट राहिली. पाणी वस्त्राने गाळून प्यावे, असा नियम मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात यतीसाठी सांगितला आहे. त्यामागचा हेतू पाण्यातील जंतूंची हिंसा टाळण्याचा, म्हणजे जंतूला माणसापासून वाचविण्याचा होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील पाहणीत, जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळल्यास पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरते असे आढळले. कवचधारी जीव कापडात अडकतात आणि त्यांना चिकटलेला जंतूही अडकतो.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. गोमाईच्या काठाने प्रकाशापर्यंत आणि उत्तरेस तोरणमाळ-धडगावपर्यंतच्या गावांतील शिवेवरच्या देवतांची पद्धतशीर यादी झाली पाहिजे. मरीआईचा गाडा कोणत्या गावाहून येई आणि कोणत्या गावाकडे जाई, हे वृद्ध माणसांकडून टिपून घेतल्यास दफ्तरात नसलेला साथींचा नकाशा हाती येण्याचा संभव आहे. जेथे वाघदेव आणि मरीआई एकाच शिवेवर असतील, तेथे त्यांची तोंडे कोणत्या दिशेस आहेत आणि पहिला नैवेद्य कोणाला, हेही विचारावे.